जेम्सच्या खिशातलं पत्र

‘सायलेंट हिल’ या व्हिडिओ गेमचा पहिला भाग १९९९ साली प्लेस्टेशनवर आला, दुसरा २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर. दोन्ही कोनामीचे, पण दुसऱ्यात ना पहिल्याचा नायक आहे, ना त्याची गोष्ट. उरतं ते गाव, त्यातलं धुकं आणि काहीतरी जवळ आलं की खरखरणारा रेडिओ.

पहिल्या भागात धुकं आलं ते नाइलाजाने. त्या यंत्राला लांबवरचे रस्ते, घरं एकदम उभी करणं झेपत नव्हतं, म्हणून ते झाकलं. नायक हॅरी मेसन हरवलेल्या मुलीच्या मागे एका गल्लीत शिरतो. गल्ली अरुंद होत जाते, कॅमेरा तिरका होतो, अंधार पडतो आणि सुरे घेतलेली करडी पोरं अंगावर येतात. कितीही चलाखीने खेळा, तिथे मरावंच लागतं. पहिल्या पाच-दहा मिनिटांतच खेळाडूला दगा देण्याची ही हिंमत मला अजून आवडते.

पुढे मात्र या भयाला कारण मिळतं: एक पंथ, एक होरपळलेली मुलगी. वसईकराला असं ओस गाव ओळखीचं वाटेल. पावसाळ्यात आपल्या किल्ल्यात शिरलं की छप्पर उडालेली चर्चं, शेवाळलेल्या भिंती, माणसांशिवायचं अख्खं शहर. पण ते कुणामुळे ओस पडलं हे शाळकरी पोरही सांगेल, १७३९, चिमाजी अप्पा. कारण कळलं की ओसाडीतला धाक थोडा उतरतो. पहिला भाग शेवटी असा उतरतो.

दुसऱ्यात नायक जेम्सला बायकोचं, मेरीचं पत्र येतं: आपल्या खास जागी वाट पाहतेय. तो सांगतो, मेरीला जाऊन तीन वर्षं झालीत. मग नुसती पायवाट, बराच वेळ काहीच घडत नाही. यंत्र आता पूर्वीपेक्षा ताकदवान, तरी धुकं ठेवलंय, कारण ते आता जेम्सचं आहे. राक्षसही त्याचेच. लोखंडी त्रिकोणी डोक्याचा तो धिप्पाड प्राणी सुरा फरफटत येतो, त्याचा आवाज आधी पोचतो.

(पुढचं, न खेळलेल्यांनी गाळावं.) मेरीला जेम्सनेच मारलेलं असतं. खेळ हे सांगतो उशिरा, पण तुमच्यावर पाळत ठेवतो पहिल्यापासून. मेरीचा फोटो पुन्हा काढून पाहिलात का? मेरीसारख्याच दिसणाऱ्या मारियाला जपलंत की मागे टाकलंत? गावात भेटणाऱ्या अँजेलाचा सुरा निरखून पाहिलात? जखमी असून औषध न घेता हिंडलात? यावरून शेवट ठरतो, आणि त्यातला एक जेम्सच्या आत्मघाताचा. खेळताना कुठेही गुण दिसत नाहीत, प्रश्न विचारला जात नाही. आपण सवयीने जे करतो तोच जबाब धरला जातो. असं मर्म पहिल्या भागाच्या आवाक्यातलं नव्हतं.

दचकवण्यात मात्र पहिलाच सरस. दुसऱ्यातल्या मारामाऱ्या कंटाळवाण्या, बरेचसे राक्षस बगल देऊन टाळता येतात. २०२४ च्या नव्या आवृत्तीने त्या सुधारल्या, पण कॅमेरा जेम्सच्या खांद्यामागे आणून ठेवला. जुना, कोपऱ्यातून टिपणारा कॅमेरा कुणीतरी बघतंय असं भासवायचा, ते गेलं.

एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. सामानात ठेवलेलं ते पत्र मधेमधे उघडून पाहावं. पुढे पुढे त्यावरची अक्षरं नाहीशी होतात, मग कागदही. पत्र आलंच नव्हतं, हे जेम्सच्या आधी त्याच्या खिशाला कळलेलं असतं.