पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ : सेवा आणि श्रद्धा यांचा पूर्वापरक्रम

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची मीमांसा आजवर बहुधा दोन अंगांनी झाली आहे. एका पक्षाने ते स्वसमाजाशी केलेली फारकत म्हणून पाहिले; दुसऱ्याने नेहेम्या नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या युक्तिवादाने घडलेले बौद्धिक मतपरिवर्तन म्हणून. दुसऱ्या मताला खुद्द रमाबाईंच्या लेखनाचा आधार आहे हे खरे. तथापि 1907 साली त्यांनी इंग्रजीत लिहिलेले ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएग्झॉस्टिबल ट्रेझर’ हे आत्मनिवेदन बारकाईने वाचले असता या दोहोंहून निराळी अशी एक घटना त्याच्या केंद्रस्थानी असल्याचे दिसते.

ही घटना 1883 सालची. वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना रमाबाईंना काही दिवस लंडनमधील फुलम येथील शाखेत पाठविण्यात आले. ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आसरा मिळे व भगिनी त्यांची जातीने शुश्रूषा करीत. ज्या स्त्रियांना धर्मशास्त्रात दंडाखेरीज स्थान नाही असे रमाबाई शिकल्या होत्या, त्यांच्याविषयी इतका कळवळा कोठून येतो, हा प्रश्न त्यांनी एका भगिनीला केला. उत्तरादाखल तिने योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली.

येथील क्रम लक्षात घेणे अगत्याचे आहे. प्रथम सेवा दिसली आणि मागाहून वचन ऐकू आले. कलकत्त्याच्या शास्त्रीमंडळींनी 1878 साली ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या या विदुषीला ग्रंथाचा अर्थ लावण्यासाठी प्रत्यक्ष कृतीचे भाष्य लागले! त्याच वर्षी, 29 सप्टेंबरला, वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

‘साक्ष’ मात्र घटनेनंतर चोवीस वर्षांनी, केडगावच्या मुक्तीत 1905 साली झालेल्या धर्मजागृतीच्या छायेत लिहिली गेली. म्हणूनच तिच्या उत्तरार्धात आपल्याला प्रथम केवळ ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला तो पुढे अनेक वर्षांनी, असा निवाडा रमाबाई करतात. हा निवाडा प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण तो ज्या भाषेत येतो ती त्या काळच्या पुनरुज्जीवनवादी वाङ्मयातली रुळलेली भाषा आहे. फुलमचा प्रसंग तसा नाही. तो थोडका, अनलंकृत आणि पाहिलेल्या गोष्टीशी बांधलेला आहे. वाङ्मयीन दृष्टीने पूर्वार्धाचे वजन अधिक भरते ते यामुळेच.

1977 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पत्रव्यवहार याला पुष्टी देतो. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाई त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चचा अधिकार या मुद्द्यांवर निकराने झगडताना दिसतात. सिद्धान्त वारंवार हलतात. निराश्रित स्त्रीची सेवा हा भाग मात्र डळमळत नाही. केडगावी ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांसाठी उघडलेल्या कृपासदनाचे मूळ फुलममध्येच शोधले पाहिजे.

परंतु या सेवेला एक कठीण बाजूही आहे, आणि भाविक चरित्रकार तिला वळसा घालून जातात. 1889 साली मुंबईत सुरू झालेले व पुढे पुण्यास आलेले शारदासदन धर्मनिरपेक्ष राहील असे अभिवचन होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि इच्छा असेल त्या मुली येऊन बसत. 1893 साली रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले ते या वादातून. रमाबाईंची बाजू अशी, की ज्या श्रद्धेतून सेवा निघाली ती लपविणे म्हणजे सेवेशीच अप्रामाणिकपणा. हे उत्तर टाकाऊ नाही. तरीही जिचे अन्न, वस्त्र व निवारा सर्वस्वी एकाच व्यक्तीच्या हाती आहे, अशा बालविधवेची ‘स्वेच्छा’ कितपत स्वतंत्र, हा प्रश्न उरतोच. ‘साक्ष’ तो विचारीत नाही. उलट दिशेने, ज्या समाजाने त्या विधवेला दुसरे दारच ठेवले नव्हते, त्याला तो विचारण्याचा अधिकार किती, याचेही उत्तर टीकाकारांनी दिले नाही.

सेवा व श्रद्धा यांची सर्वांत निकट गाठ कदाचित रमाबाईंच्या बायबल-भाषांतरात पडते, आणि त्याची चिकित्सा अद्याप पुरेशी झालेली नाही. 1882 च्या ‘स्त्रीधर्मनीती’त संस्कृतप्रचुर मराठी लिहिणारी ही लेखिका आयुष्याच्या उत्तरकाळात हिब्रू व ग्रीक मुळांवरून, अल्पशिक्षित बायकांना कळेल अशी मराठी घडवीत बसली. नवा करार 1913 साली निघाला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली. अलंकृत गद्याला सरावलेल्या वाचकाला ही भाषा रुक्ष, क्वचित ओबडधोबडही वाटेल. परंतु तिचा अपेक्षित वाचकवर्ग मुक्तीच्याच आवारात होता, आणि त्याच आवारातील छापखान्यात मुक्तीतल्या स्त्रियांच्या हातांनी ती छापली जात होती.