चाळणीची उपमा आणि नॅनोछिद्रांतील आयनवहन : एक चिकित्सा

बीजशब्द : नॅनोछिद्र, आयन, विद्युत् प्रवाह, उपमा, मराठी विज्ञानलेखन

प्रस्तावना

मराठीतून विज्ञान शिकविताना उपमेचा आधार अपरिहार्य ठरतो. अतिसूक्ष्म छिद्रांतून आयन कसे जातात, हे सांगताना वर्गात, जाहिरातीत व वृत्तपत्रीय लेखनात बहुधा चाळणीची उपमा योजली जाते. चाळणीत जाड ते वर राहते, बारीक ते खाली पडते. हा प्रत्येक घरातील अनुभव असल्याने उपमा चटकन पटते. परंतु छिद्राचा व्यास मीटरच्या एक अब्जांशाच्या, म्हणजे एका नॅनोमीटरच्या जवळ येतो, तेव्हा ही उपमा कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

उपमेचे सामर्थ्य

उपमा सर्वस्वी चुकीची नाही. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला, विजेविना चालणारा घरगुती जलशुद्धीकरण संच पॉलिसल्फोनच्या सच्छिद्र पटलावर आधारित आहे. त्याची छिद्रे जीवाणूंहून लहान असल्याने जीवाणू अडतात व विरघळलेले क्षार पाण्यासोबत पार होतात. येथे आकार हाच निर्णायक घटक असल्याने चाळणी हा शब्द यथार्थ ठरतो.

उपमेच्या मर्यादा

पेशीपटलातील पोटॅशियम मार्गिकेकडे वळताच हा आधार सुटतो. पोटॅशियम आयनाची त्रिज्या सुमारे ०.१३ नॅनोमीटर, तर सोडियमची सुमारे ०.१० नॅनोमीटर. चाळणीच्या न्यायाने लहान सोडियम आधी पार व्हावयास हवा. प्रत्यक्षात मार्गिका मोठ्या पोटॅशियमला सेकंदाला सुमारे १० कोटी या वेगाने जाऊ देते व सोडियमला जवळजवळ रोखते. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली अशा मार्गिकेची रचना उलगडली. २००३ साली त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या रचनेवरून दिले जाणारे प्रचलित स्पष्टीकरण असे : आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे आवरण असते. अरुंद भागात शिरताना ते उतरवावे लागते. तेथील ऑक्सिजन अणू पोटॅशियमला त्या पाण्याची नेमकी भरपाई देतात, सोडियमला तितकी देत नाहीत. म्हणजे निर्णय आकारमानावर नव्हे, तर ऊर्जेच्या हिशेबावर होतो.

दुसरे उदाहरण विद्युत् प्रवाहाचे. १९९६ साली कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन व डीमर यांनी दाखविले की, न्यूक्लिइक आम्लाचा धागा प्रथिनछिद्रातून जाताना आयनांचा प्रवाह घटतो. आज जनुकवाचनाची एक प्रमुख पद्धती याच तत्त्वावर उभी आहे. 'बोळा अडकला की पाणी तुंबते' हे चित्र येथे जुळते. परंतु २००६ साली डेल्फ्ट येथील प्रयोगात, सुमारे १० नॅनोमीटर व्यासाच्या छिद्रांत द्रावणातील मिठाचे प्रमाण कमी केल्यावर, डी.एन.ए. शिरताना प्रवाह वाढल्याचे आढळले. डी.एन.ए. ऋणभारित असल्याने तो आपल्यासोबत धन आयन छिद्रात आणतो. विरळ द्रावणात ही भर अडथळ्याहून मोठी ठरते.

व्यावहारिक परिणाम

हा केवळ शब्दांचा वाद नाही. नाशिकचा गंगापूर रोड ज्या गंगापूर धरणाकडे जातो, त्यातूनच शहराला मुख्यत्वे पाणी मिळते. मात्र ग्रामीण भागातील अनेक कुटुंबे विहिरी व कूपनलिकांवर अवलंबून आहेत. जेथे खतांचा वापर मोठा, तेथे भूजलात नायट्रेट उतरण्याची शक्यता असते, आणि जिल्ह्याचा द्राक्षपट्टा या वर्णनात बसतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नॅनोफिल्टरचे ऋणभारित पटल दुहेरी भाराच्या सल्फेटला चांगले अडविते, एकेरी भाराचे नायट्रेट मात्र बऱ्याच अंशी पार होऊ देते. आर.ओ. पटल नायट्रेटला अधिक अडविते. तरी भाररहित रूपातील आर्सेनिक त्यालाही भारित रूपाइतके रोखता येत नाही. विक्रेता दाखवितो ते टी.डी.एस. मापक पाण्याची विद्युत्वाहकता मोजते. कोणता आयन उरला हे ते सांगत नाही आणि भाररहित द्रव्य त्याला दिसतच नाही. 'चाळणीतून गाळले, आकडा उतरला, पाणी निर्दोष झाले' हा समज या उपमेनेच पोसला जातो.

निष्कर्ष

चाळणीऐवजी 'द्वारपाल' म्हणावे, असेही सुचविले जाते. परंतु त्याने निर्जीव भिंतीला हेतू चिकटतो. नवी उपमा शोधण्यापेक्षा जुनीची सीमा सांगणे अधिक श्रेयस्कर होय. अध्यापकाने चाळणीपासून आरंभ जरूर करावा. मात्र सोडियम-पोटॅशियमचे उदाहरण देऊन, ती कोठे फाटते हेही त्याच तासात दाखवावे. भिंतीचा भार, आयनाचा भार व त्याचे जलावरण या तीन गोष्टी विद्यार्थ्याच्या मनात ठसल्या, तर पाण्याच्या यंत्रापुढे उभा राहून तो नेमका प्रश्न विचारील : किती उरले, एवढाच नव्हे, काय उरले?