औंढा नागनाथ : यादवकालीन की यादवनिर्मित?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या शिवालयाविषयी ‘यादव राजांनी बांधलेले हेमाडपंती मंदिर’ असे विधान वारंवार केले जाते. या एका विधानात शैली, काल आणि कर्ता असे तीन निरनिराळे दावे गुंतलेले आहेत. त्यांची फारकत केल्यावाचून या वास्तूचा इतिहास हाती लागणे कठीण आहे.

प्रथम शैलीचा विचार करू. हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप. त्याचा काल तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. परंतु चुन्यावाचून घडीव दगड सांधण्याची जी पद्धती त्याच्या नावावर घातली जाते, ती अंबरनाथच्या शिवालयातही आढळते. आणि तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. सबब ‘हेमाडपंती’ हे नाव लोकस्मृतीचे द्योतक होय. कालनिर्णयाचे साधन नव्हे.

कालाविषयी खुद्द वास्तूच साक्ष देते. शिल्पांनी मढलेला अधोभाग अभ्यासक सामान्यतः तेराव्या शतकातील मानतात. वरचे शिखर मात्र उत्तरकालीन, पेशवाईतील धाटणीचे आहे. परंपरेने या जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. म्हणजे एकाच दृष्टिक्षेपात आपण दोन युगे पाहत असतो.

उरला कर्ता. बाह्यांगाचे वैभव राजाश्रय सुचविते, हे खरे. पण सूचना म्हणजे प्रमाण नव्हे. मध्ययुगात मांडलिक, अधिकारी व व्यापारी हेही देवालये उभारीत. शिवाय येथील गर्भगृह सभामंडपाच्या पातळीखाली असून अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. राजवैभवाच्या कल्पनेने या रचनेचा उलगडा होत नाही. ‘यादवकालीन’ या शब्दाने काल कळतो. ‘यादवनिर्मित’ म्हणण्यास स्वतंत्र आधार हवा.

हा केवळ शब्दच्छल नाही. वास्तू एकाच राजाची मानली की पुढील पिढ्यांनी केलेली भर उपरी ठरते, आणि दुरुस्तीच्या वेळी तिच्यावरच प्रथम घाव पडतो. वस्तुतः नामदेवांना विसोबा खेचर येथेच भेटले, अशी वारकरी परंपरा आहे. तिच्या स्मृतीत हे स्थान राजाचे नसून भक्तांचे आहे. राजाचे नाव शोधताना ज्यांनी हे देवालय जागते ठेवले, त्यांचा इतिहास अभ्यासकाने गाळू नये.