दुर्लक्ष करण्याजोगी हवा?

अकरावीच्या पुस्तकांत प्रक्षिप्त वस्तूंच्या उदाहरणांखाली ‘हवेचा विरोध दुर्लक्षणीय मानावा’ हे वाक्य हटकून असते. अलगद फेकलेल्या खड्यापुरते ते ठीक. पण क्रिकेटच्या चेंडूवर गणित घालतानाही तेच छापावे, याला आमची हरकत आहे. सेकंदाला ४० मीटर वेगाने, ४५ अंशांच्या कोनात टोलवलेला चेंडू सूत्रानुसार १६३ मीटरवर पडायला हवा. प्रत्यक्षात १०० मीटरचा षटकारही विरळाच! मुलांना हे चांगले ठाऊक असते. मग वर्गातले विज्ञान वेगळे नि मैदान वेगळे, अशी त्यांची समजूत झाली तर दोष कोणाचा?

आकडेच काढून पाहू. चेंडूचे वजन सुमारे १.६ न्यूटन, व्यास ७.२ सेंटीमीटर. वरील वेगाला त्याच्यावर हवेचा विरोध येतो दीड ते पावणेदोन न्यूटन, म्हणजे जवळजवळ वजनाएवढाच. (वेग निम्मा केला की तो साधारण चौथाई होतो, खड्याचे गणित जुळते ते म्हणूनच.) अन्वस्ताकार मार्ग सिद्ध करणाऱ्या गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात हवेची ही अडचण स्वतःच मांडली होती. आमच्या पुस्तकांनी अन्वस्त तेवढा उचलला. सूत्र शिकवावेच; मात्र १६३ हे उत्तर आल्यावर शिक्षकांनी मुलांना शाळेचे मैदान पावलांनी मोजायला धाडावे.