शाहडोंगरावरील ‘चांदबिबीचा महाल’

अहमदनगर (आतां अहिल्यानगर) शहराच्या पूर्वेस शाहडोंगरावरील अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारतीस लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. हें नांव आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. तळघरांत थडगीं आहेत. अर्थात् हा महाल नसून मकबरा होय, आणि तो पहिल्या मूर्तजा निजामशहाचा वजीर दुसरा सलाबतखान याचा. सलाबतखान इ. स. १५८९ च्या सुमारास वारला; चांदबिबीनें किल्ला लढविला तो १५९५-९६ मध्यें. राणीच्या शौर्यामुळें तिचें नांव वास्तूस चिकटलें, व १५८३ मध्यें फरहबाग पुरा करविणारा हा कर्तबगार वजीर स्वतःच्याच थडग्यावर अनोळखी झाला. वास्तु साधी आहे. तिची शोभा नक्षींत नसून कमानींच्या प्रमाणांत आहे. संग्राहकांनीं जुन्या कागदांत हें लोकनाम आढळल्यास तें दंतकथेचा पुरावा म्हणून जपावें. इमारतीच्या कर्तृत्वाचा म्हणून मानूं नये.