इंग्रजी शोधनिबंधातील काळाची सुसंगती : मराठीभाषक अभ्यासकांच्या संदर्भात

मराठीभाषक अभ्यासकांच्या इंग्रजी शोधनिबंधांवर घेतले जाणारे आक्षेप बहुधा उपपदे व शब्दयोगी अव्यये यांपाशीच थांबतात. तथापि आशयाला खरी बाधा येते ती क्रियापदांच्या काळाची सुसंगती ढळल्याने, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या दोषाचे मूळ निष्काळजीपणात शोधणे योग्य नव्हे. 'तो म्हणाला, की मी आजारी आहे' हे मराठी वाक्य निर्दोष आहे. मूळ वक्त्याचा काळ आपण तसाच राखतो. इंग्रजीत मात्र 'सेड'नंतर 'इज'चे सामान्यतः 'वॉज' होते. 'तो रोज जात असे' यातील रीतिभूतकाळाचेही 'वॉज गोइंग' असे सदोष रूपांतर सर्रास आढळते. मो. के. दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) या ग्रंथाच्या आधारे असा तौलनिक विचार इंग्रजीच्या वर्गात सहज करता येईल. पण तो ग्रंथ मराठी विभागाच्या कपाटातच राहतो.

यावर 'संपूर्ण निबंधात एकच काळ वापरा' हा जो उपाय सांगितला जातो, तो दोषाहून घातक आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' 1963 मध्ये प्रसिद्ध झाली, हे विधान भूतकाळातच हवे. परंतु पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्यास येतो, हे इंग्रजी समीक्षेच्या संकेतानुसार वर्तमानकाळात लिहिले जाते. पहिली घटना इतिहासातील, दुसरी संहितेतील. दोन्ही एकाच काळात कोंबल्यास लेखक आणि निवेदक यांतील सीमारेषाच पुसट होते, आणि 'कोसला'च्या बाबतीत तर हा घोटाळा मुळातच फार सोपा आहे.

सामाजिक शास्त्रांत प्रश्न अधिक गंभीर होतो. एका महाविद्यालयातील साठ विद्यार्थ्यांच्या पाहणीत त्यांनी इंग्रजीची भीती 'व्यक्त केली', हा निष्कर्ष होय; विद्यार्थी इंग्रजीला 'भितात', हा सिद्धान्त झाला. केवळ काळ बदलल्याने साठांची साक्ष सर्वांच्या माथी मारली जाते. एपीए पद्धती निष्कर्षांसाठी भूतकाळ सुचवते, त्यामागे हीच मर्यादा आहे. संशोधन आराखड्यातील 'विल कलेक्ट' पूर्ण झालेल्या प्रबंधात तसेच उरते, तेव्हा माहिती खरोखर गोळा झाली की नाही, अशी शंका परीक्षकाने घेतल्यास त्यास दोष देता येत नाही.