प्रकल्प गटाचा, गुण कोणाचे?

प्राथमिक शाळेतल्या प्रकल्पाचे मूल्यमापन बहुधा शेवटच्या दिवशी होते. भिंतीवर रंगीत तक्ता असतो, एखादी चुणचुणीत मुलगी पाठ केलेली माहिती घडाघडा सांगते आणि गटातल्या सर्वांना सारखे गुण मिळतात. यात तपासला गेला तो तक्ता. मुलांनी मिळून शोध कसा घेतला, हे पाहायचे राहूनच जाते.

बीड जिल्ह्यात या पद्धतीने मुलांवर थेट अन्याय होतो. इथली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. समजा, चौथीच्या चौघांनी जूनमध्ये ‘आपल्या गावात पाऊस किती पडतो?’ हा प्रकल्प घेतला. साहित्य साधेच : सरळ उभ्या कडांचे पत्र्याचे डबे आणि मोजपट्टी. पावसाळाभर रोज सकाळी मापे घेणारी दोघे नोव्हेंबरात फडावर गेली. फेब्रुवारीत उरलेल्या दोघांनी आलेख रंगवला आणि गुण त्यांना मिळाले. ज्यांनी मोजले, त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’!

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्यानुसार २०१० मध्ये महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात तिसरी-चौथीसाठी ६० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला होता, आणि त्याच्या आठ साधनांपैकी प्रकल्प हे एक होते. ‘सातत्यपूर्ण’ हा शब्द योजनेच्या नावातच होता. तरीही अनेक ठिकाणी प्रकल्प म्हणजे वर्षाअखेर जमा करायची वस्तू झाली, आणि वर्णनात्मक नोंदीत ‘सहभाग चांगला’ एवढेच उतरत राहिले.

मग तपासायचे काय? आपल्या उदाहरणात एका दिवशी दोन डब्यांची मापे १२ आणि १७ मिलिमीटर आली, असे धरू. तक्ता नीटनेटका दिसावा म्हणून एक आकडा खोडला, तर स्वच्छतेचे गुण मिळतील. विज्ञान मात्र खोडलेल्या आकड्याबरोबर जाईल. उलट गटाने ‘असे का?’ विचारले, एक डबा लिंबाखाली होता हे हेरले, तो उघड्यावर ठेवून पुन्हा मोजले, तर खरे संशोधन तेच. म्हणून कच्च्या वहीतील खाडाखोड, मतभेद आणि दुरुस्ती यांना गुण हवेत.

गटाबरोबर प्रत्येक मूलही कळायला हवे. त्यासाठी तक्त्यात उत्तर नसलेला एक प्रश्न पुरतो : ‘डब्याचे तोंड दुप्पट रुंद केले, तर पाण्याची उंची वाढेल का?’ रुंद डब्यात पाणी जास्त साठते, पण ते पसरतेही तितकेच, म्हणून उंची तीच राहते. ज्याने मोजताना विचार केला, तो आपल्या शब्दांत हे सांगतो. मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या टोळ्यांनी प्रयोग करत. परीक्षा मात्र प्रत्येकाची होई, आणि तीही पुस्तक उघडे ठेवून.

दोनशिक्षकी शाळेत एवढा वेळ कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. पण गटाला एकच वही द्यावी, रोजच्या मापापुढे मोजणाऱ्याने नाव लिहावे, शनिवारी शिक्षकाने एक ओळ लिहावी, एवढे जमण्यासारखे आहे. पहिले मूल्यमापन दिवाळीच्या सुट्टीआधीच उरकावे आणि फडावर निघालेल्या मुलाच्या शिक्षण हमी पत्रकासोबत त्या नोंदीची प्रत द्यावी. चार महिने पाऊस मोजलेला मुलगा नव्या शाळेत गेला, तर तिथल्या गुरुजींना त्याला काय येते हे त्या कागदावरून कळेल.